सूक्ष्मदर्शकात काय दिसतं? – लुडविक फ्लेक यांचं पुस्तक आणि संसर्गजन्य रोगांचं पदव्युत्तर शिक्षण

संयोजकांनी या खेपेला विषय दिला तो 'संसर्गजन्य रोगांचं पदव्युत्तर शिक्षण'. आम्ही त्यांना म्हटलं, अहो, आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, ताप आलेला माणूस आमच्या दारात औषधाला कधी आला नाही. (हशा) पण निवृत्तीनंतर काही वर्षं एका वैद्यकीय संस्थेत एमडी करणाऱ्या मुलामुलींना 'पुरावा म्हणजे काय' यावर आम्ही तास घेत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा सुटका झाली नाही. एक सवलत मात्र मागून घेतली. अभ्यासक्रमावर थेट बोलण्याऐवजी एका पुस्तकावर बोलू, आणि त्या पुस्तकाच्या निमित्ताने अभ्यासक्रमाकडे बघू.

पुस्तक १९३५ सालचं आहे. मूळ जर्मन, छापलं गेलं स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला. नावाचा मराठी अर्थ साधारण असा : 'एका वैज्ञानिक तथ्याची उत्पत्ती आणि विकास'. लेखक लुडविक फ्लेक. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संसर्गजन्य रोग शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे पुस्तक वाचावं, आणि वाचताना त्याच्याशी भांडावं. डॉक्टरची नजर कशी घडते हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं पुस्तक आमच्या वाचनात नाही. पण ती नजर चुकली तर दुरुस्त कुठून होते, या प्रश्नावर ते फार लवकर गप्प बसतं.

फ्लेक हे काही आमच्यासारखे खुर्चीतले तत्त्वज्ञ नव्हेत. जन्म १८९६चा, ल्वुव्ह शहरातला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, मग पोलंडमध्ये गेलं, आज युक्रेनमध्ये आहे. माणूस ज्यू, पेशाने डॉक्टर आणि जंतुशास्त्रज्ञ. टायफस या उवांमधून पसरणाऱ्या रोगावर त्यांनी रुडोल्फ वायगल यांच्या हाताखाली काम केलं होतं. हा टायफस म्हणजे आपला टायफॉइड नव्हे बरं का. नावं सारखी, रोग वेगळे. दिवसभर प्रयोगशाळेत रक्त तपासायचं आणि उरलेल्या वेळात विचार करायचा, की आपण हे जे 'तपासलं' म्हणतो, ते नेमकं काय केलं?

पुस्तक आलं त्याच सुमारास व्हिएन्नात कार्ल पॉपर यांचं विज्ञानाच्या तर्कशास्त्रावरचं पुस्तक आलं. पॉपर जगभर गाजले. फ्लेक यांची दखल त्या मानाने फारच थोड्यांनी घेतली. पुढे थॉमस कून यांना एका तळटीपेत या पुस्तकाचा पत्ता लागला, १९६२च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याचा उल्लेख केला, आणि १९७९मध्ये इंग्रजी भाषांतर निघालं. फ्लेक १९६१मध्येच इस्राएलमध्ये वारले होते.

नजर शिकावी लागते

आता शिक्षणाकडे वळू. आपल्याकडे एमबीबीएसनंतर एमडी तीन वर्षांचं, आणि ज्याला पुढे फक्त संसर्गजन्य रोगच करायचे आहेत त्याला आणखी तीन वर्षांचं डीएम. ही शाखा आपल्याकडे कितीतरी काळ वेगळी नव्हतीच. ताप म्हटला की फिजिशियन, मग तो मलेरिया असो की क्षय. आता ती वेगळी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या सहा वर्षांत विद्यार्थी शिकतो काय? जंतूंची नावं, औषधांच्या मात्रा, हे तर आहेच. ते पुस्तकातूनही मिळतं. जे पुस्तकातून मिळत नाही, ती नजर.

मलेरियाची स्लाइड घ्या. नवा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो आणि त्याला दिसतात जांभळे ठिपके. रंगाचा गाळ बसलाय तो ठिपका, तांबड्या पेशीवर बिंबिका येऊन बसली तोही ठिपका, आणि खरा परजीवी तोही ठिपकाच. शेजारी उभे असलेले सर म्हणतात, 'अरे, ती बघ अंगठी!' त्याला अंगठीबिंगठी काही दिसत नाही. दोन महिने जातात, शंभर स्लाइड होतात, आणि एके दिवशी ती अंगठी आपसूक दिसायला लागते. नंतर गंमत अशी, की ती न दिसणं त्याला जमतच नाही.

फ्लेक यांचा मुद्दा इथून सुरू होतो. आपल्याला वाटतं आधी बघायचं, मग विचार करायचा. ते म्हणतात तसं नाही. बघणं हेच शिक्षणातून येतं, आणि ते शिक्षण एक गट देतो. या गटाला ते 'विचारसमूह' म्हणतात आणि त्या गटाच्या बघण्याच्या रीतीला 'विचारशैली'. शैलीत मुरलेल्याला आकार एका नजरेत दिसतो. पण त्याची किंमत म्हणून, शैलीत न बसणारं त्याला दिसेनासं होतं. नफा आणि तोटा एकाच व्यवहारातले. शिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावं असं आम्हाला नेहमी वाटत आलं.

वासरमान चाचणीची गोष्ट

पुस्तकाचा गाभा एका उदाहरणात आहे. सिफिलिस, ज्याला आपल्याकडे उपदंश किंवा बोलीत गरमी म्हणायचे, त्याची रक्तचाचणी. १९०५मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना या रोगाचा जंतू सापडला. १९०६मध्ये वासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी रक्ताची चाचणी जाहीर केली. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते : जंतू सापडला, मग त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं ओळखणारी चाचणी निघाली.

फ्लेक या दोन ओळी उकलत बसतात आणि त्यातून भलतंच बाहेर येतं. चाचणीसाठी वापरलं होतं ते रोगाने मेलेल्या गर्भाच्या अवयवांचं अर्क. कल्पना अशी, की त्यात जंतू भरपूर असणार. पुढे लक्षात आलं, की निरोगी अवयवांच्या, अगदी बैलाच्या हृदयाच्या अर्कावरही चाचणी तशीच चालते! म्हणजे ज्या सिद्धांतावर ती उभारली तो सिद्धांत जागेवर नव्हताच. तरी चाचणी उपयोगी ठरली. कशी? अनेक प्रयोगशाळांतल्या अनेक हातांनी मात्रा कमीजास्त करून, होकार कुठे धरायचा आणि नकार कुठे याच्या रेषा सरकवून, वर्षानुवर्षं तिला घासून घेतली म्हणून. हे काम एकट्या वासरमान यांचं नव्हे. आणि ज्यांनी केलं त्यांनाही नंतर विचारलं तर ते सरळ रस्त्याने आलो असंच सांगतात. वळणं विसरली जातात.

मुळात रक्तातच शोधायचं हे सुचलं का? तर या रोग्यांचं 'रक्त नासलेलं असतं' ही समजूत युरोपात कित्येक शतकं होती. पापाचा रोग, रक्तात उतरलेला. त्या जुन्या समजुतीने, आणि चाचणी हवीच या सामाजिक रेट्याने, शास्त्रज्ञांना रक्तापाशी धरून ठेवलं. नाही तर सुरुवातीचे निकाल इतके यथातथा होते की एखाद्याने नाद सोडला असता.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. आज गरोदर बाईची व्हीडीआरएल म्हणून जी तपासणी होते, ती याच घराण्यातली. तिच्यातलं द्रव्यही मूळचं बैलाच्या हृदयातून मिळवलेलंच, आणि ती कधीकधी उपदंश नसतानाही, म्हणजे ल्युपससारख्या आजारात, होकार देते. ती का देते हे विद्यार्थ्याने पाठ केलेलं असतं. पण तो अपवादांची यादी पाठ करतो. चाचणीचा जन्म ज्याने वाचला आहे, त्याला ती यादी पाठ करावी लागत नाही.

आपल्या घरचं उदाहरण

फ्लेक वाचताना आम्हाला सारखी आठवत होती ती विडाल. मुदतीच्या तापाची, टायफॉइडची चाचणी. फेर्नां विडाल यांनी ती १८९६मध्ये काढली. आपल्यापैकी किती जणांच्या घरात 'विडाल पॉझिटिव्ह आलीये' हे वाक्य ऐकू आलं असेल? हात वर करायला सांगत नाही, सगळेच कराल. (हशा)

आता बघा. ज्या देशात टायफॉइड सर्रास आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती प्रतिपिंडं असू शकतात. मागे कधीतरी जंतू येऊन गेला, लस टोचली, किंवा दुसऱ्याच एखाद्या जंतूशी साम्य निघालं. म्हणून एका वेळच्या चाचणीवरून फारसं ठरत नाही. काही दिवसांनी पुन्हा करून प्रमाण चौपट वाढलं का, हे बघायला हवं. त्याहून बरं म्हणजे औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर. हे सगळं एमडीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं. परीक्षेत तो बरोबर लिहितो. आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत तिसऱ्या दिवसाच्या तापाला विडाल लिहून देतो.

का? आळस म्हणू नका, अज्ञान तर नाहीच. कल्चरला दिवस लागतात, पैसे लागतात, आणि पेशंट येण्याआधीच कुठूनतरी प्रतिजैविकाच्या चार गोळ्या खाऊन आलेला असतो, त्यामुळे कल्चरमध्ये काही उगवत नाही. पेशंटच्या भावाला तापाचं नाव हवं असतं. प्रयोगशाळेला काम हवं असतं. विडाल हे सगळ्यांना पुरं पडणारं उत्तर आहे. रोगाबद्दल ते थोडंच सांगतं, पण दवाखान्यातला प्रत्येक जण ते घेऊन समाधानाने घरी जातो. 'चाचणीला समाज हवाहवासा म्हणतो' असं फ्लेक दाखवतात, ते हेच.

याहून गंभीर उदाहरण क्षयाचं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याची किट्स आपल्या बाजारात मुबलक होती. निकाल बेभरवशाचे. क्षय नसलेल्याला महिनोन्महिने औषधं, आणि असलेल्याला 'काही नाही' म्हणून घरी, लेकराबाळांत खोकायला. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. बंदी येईपर्यंत त्या लिहून देणारे डॉक्टर अडाणी नव्हते. शिकलेले होते, एका शैलीत शिकलेले होते.

इथे भांडण सुरू होतं

मग आमची तक्रार काय? एक नेहमीचा आक्षेप आधी बाजूला करू. फ्लेक म्हणजे 'सगळं सापेक्ष, ज्याचं त्याचं सत्य' असं काही लोक म्हणतात. तसं नाही. ते स्पष्ट सांगतात, की शैली ठरल्यावर काय निघेल ते आपल्या मर्जीवर नसतं. वस्तू विरोध करते, आणि तो विरोध जाणवणं म्हणजेच तथ्याची सुरुवात. जंतू मताने मरत नाही, हे रोज जंतू वाढवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

आमचा आक्षेप दुसरा आहे. फ्लेक यांच्या चित्रात दोन वर्तुळं आहेत. आतलं तज्ज्ञांचं, बाहेरचं सामान्य लोकांचं. बाहेरून आत काय जातं? समजुती, भीती, मागणी. आतून बाहेर काय येतं? सोपं केलेलं, ठाम झालेलं ज्ञान. दोन्ही बरोबर. पण बाहेरच्या वर्तुळात निरीक्षणही असतं, आणि कधीकधी ते आतल्यापेक्षा आधीचं आणि खरं असतं, याला या पुस्तकात जागाच नाही. रोगी तिथे रक्त देतो, बोलत नाही.

आपल्याकडच्या प्लेगचं बघा. १८९६ला मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, १८९७ला पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली घरझडत्या झाल्या. सोल्जर माणसांना बाहेर काढत होते, काखा-जांघा तपासत होते, सामान जाळत होते. त्या बघण्यात माणूस आणि त्याची घाण एवढंच होतं. आणि लोक काय म्हणत होते? घरात उंदीर पडला की गाव सोडा, माळावर झोपड्या घाला. कारण त्यांना सांगता येत नव्हतं, पण आधी उंदीर आणि मग माणूस हा क्रम त्यांनी टिपला होता. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवलं, की उंदरावरची पिसू प्लेग नेते. प्लेग कमिशनने ते मानलं नाही. पुढे १९०५नंतर नव्या कमिशनने मुंबईत परळला, आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे त्या वास्तूत, प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनिपिग ठेवले. ज्यांच्यापर्यंत पिसवा पोचू दिल्या नाहीत ते वाचले. तेव्हा आतल्या वर्तुळाची खात्री पटली. मधल्या वर्षांत किती माणसं गेली!

दुसरं उदाहरण मद्रासचं, आणि हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, हवा, आराम, सकस आहार द्यायचा, ही त्या काळची विचारशैली. १९५६मध्ये मद्रासला क्षयावरच्या औषधोपचारांचं एक केंद्र निघालं आणि वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ रोगी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्मे सॅनेटोरियमात, निम्मे आपापल्या घरी. औषधं तीच. घरच्यांना खाणं कमी, काम जास्त, खोली दाटीची. १९५९ला निकाल आला : घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना त्यांच्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. सॅनेटोरियमची सद्दी त्यानंतर संपत गेली. फ्लेक यांच्या भाषेत शैली बदलली. पण ती बदलली कारण कुणीतरी रोग्याचं घर हीच प्रयोगाची जागा मानली.

आता कुणी म्हणेल, सर, लोकांना सगळंच कळतं का? अजिबात नाही. 'रक्त नासलंय' हे लोकच म्हणत होते, आणि विडालची मागणीही लोकच करतात. लोकांचं ऐकायचं ते मान डोलावण्यासाठी नव्हे. ऐकायचं अशासाठी, की ज्यांची नजर आपल्यासारखी घडलेली नाही त्यांनाच कधीकधी आपल्याला न दिसणारं दिसतं.

आणि गंमत म्हणू की दुर्दैव, हे फ्लेक यांना त्यांच्याच आयुष्याने शिकवलं. ल्वुव्हच्या घेट्टोतून त्यांना १९४३मध्ये आउश्वित्झला नेलं, तिथून पुढे बुखेनवाल्डला. तिथे ५० नंबरच्या ब्लॉकमध्ये कैद्यांकडून टायफसची लस बनवून घेतली जात होती. कैदी शिकलेले, पण जंतुशास्त्रज्ञ नव्हेत. त्यांना सशाच्या फुप्फुसात जंतू 'दिसत' होते. एकाने सांगितलं, दुसऱ्याला पटलं, तिसऱ्याने आकडे जुळवले. फ्लेक तिथे पोचले आणि त्यांनी बघितलं, की हे ते जंतू नाहीतच. युद्धानंतर त्यांनी यावर लेख लिहिला : एक बंद गट चुकीचं तथ्य कसं घडवतो याचा. पुढे त्यांच्या साक्षीप्रमाणे, निरुपयोगी लस एसएसला दिली गेली आणि खरी थोडी बनवून कैद्यांना टोचली गेली. तो भाग धैर्याचा आहेच. आमचं लक्ष मात्र पहिल्या भागावर आहे. चूक आतून दुरुस्त झाली नाही. दाराबाहेरून वेगळी नजर आली तेव्हा झाली. १९३५च्या पुस्तकात हे प्रकरण नाही, आणि ते नसल्याने पुस्तक अपुरं राहिलं.

मग करायचं काय?

आम्ही काही वैद्यकीय आयोगावर नाही. (हशा) पण तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही बिनखर्चाच्या.

एक, रक्तचाचण्यांचा पहिला तास घेण्याआधी विद्यार्थ्यांकडून फ्लेक यांची वासरमानवरची प्रकरणं वाचून घ्यावीत. आठवडाभराचं काम आहे. दोन, एमडीला प्रबंध लिहावाच लागतो. त्यात एक पान असं असावं, की कोणते निकाल मी बाजूला ठेवले आणि का. सगळी वळणं पुसून सरळ रस्ता दाखवायची सवय तिथेच मोडेल. तीन, आता एमडीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. पुष्कळांना ती शिक्षा वाटते, तसं ते आम्हाला बोलूनही दाखवतात. त्या तीन महिन्यांत एक वही ठेवा. निदान करण्याआधी रोग्याने, त्याच्या आईने, आशाताईने काय सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहा. 'दर पावसाळ्यात शेततळ्यावर काम केलं की अशीच कणकण येते' असं कुणी म्हणालं, तर ते लेप्टोच्या विभागात मांडता येईल की नाही हे नंतर बघा. आधी लिहा.

वेळ होत आलीय. एक प्रश्न घेतो.

*श्रोत्यांतून : सर, मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपीडीत दीडशे पेशंट असतात. एवढा विचार करायला वेळ कुठून आणायचा? आणि मग विडाल लिहायची की नाही?*

बाळ, विडालचं तुमच्या मॅडमना विचारा, तो आमचा अधिकार नाही. वेळेचं म्हणाल तर दीडशे जणांत तसा विचार होणार नाही, हे खरं आहे, आणि ती तुमची चूक नाही. ती व्यवस्थेची आहे, तिच्याशी भांडायला हवं. पण दीडशेपैकी एकाच्या बाबतीत, रोज फक्त एकाच्या, स्वतःला विचारायचं : मला हे दिसतंय, की हे बघायला मला शिकवलंय? आणि कागद पुढे सरकवण्याआधी त्या माणसाला विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, कशाने झालं असेल? वर्षाला तीनशे माणसं होतात. एवढ्यांचं ऐकलेला डॉक्टर आम्हाला ताप आला तर चालेल.